भागूचा गोरेपणा

"वहिनी, पोर गोरी न्हाई झाली, पांढरी पडलीया. हात तरी धरून बघा तिचा, किती गार लागतोय!"

हिर्डोशीहून आलेल्या थोरल्या नणंदबाई, रतनबाई, भाचीकडे टक लावून बघत होत्या. अनसूया तेव्हा आपल्या चौदा वर्षांच्या भागूच्या तोंडाला साय चोळत होती. ती हसली.

"वन्सं, तुमच्या लेकी दिवसभर भाताच्या खाचरात. सावलीतली पोर बघायची तुम्हाला सवय कुठंय?"

"आमच्या काळ्या हाईत खऱ्या, पर डोंगर चढून जात्यात." रतनबाई पदर सावरत उठल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

सदतीस-अडतीस सालची ही गोष्ट. अनसूया भोरातल्या मानसिंगराव वकिलांची बायको. लग्नानंतरही नवऱ्याने पुण्याला ठेवून तिला कॉलेजात शिकवली होती. अंगारे-धुपारे, नवस-सायास तिने घरातून केव्हाच हद्दपार केले होते. पण माहेरून आलेली एक समजूत कशी कोण जाणे मागे राहिली: काळं खाल्लं की रंग काळवंडतो. भागूसाठी स्थळं बघायची ठरली आणि तिच्या ताटातली नाचणीची भाकरी गेली, गूळ गेला, हुलग्याचं माडगं गेलं. आला तो पांढराशुभ्र भात आणि दूध. उन्हात जाणं बंद, शाळाही बंद. दिवाळीपर्यंत पोरीचा रंग असा उघडला की हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "काय केलंत हो?" अनसूया साग्रसंगीत सांगायची.

भागू म्हणायची, छातीत धडधडतं. एकदा ती परसातल्या भिंतीची माती चाटताना सापडली. अनसूयेने तिच्या हातावर चापट मारली. "एवढी घोडी झालीस, आणि भिंती चाटतेस?"

मग वेल्ह्याकडचे पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या घेऊन भागू माडीकडे निघाली आणि अर्ध्या जिन्यातच खाली बसली. बश्या घरंगळत गेल्या. पाहुण्यांतली म्हातारी चपला घालताना म्हणाली, "रंगानं झ्याक हाय पोर. पर असली दुखणेकरी सून घिऊन आमी काय करू?"

दुसऱ्या दिवशी अनसूया तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब टीपकागदावर घेतला. मग फिक्यापासून गडदापर्यंत लाल रंगांची एक पट्टी त्या डागाशी लावून पाहिली.

"चाळीस टक्के."

अनसूयेचा जीव भांड्यात पडला. पस्तीसला तर पास करतात! "म्हणजे तशी ठीक आहे ना?"

"आई, मी पास?" भागूने हळूच विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, तुमचं बोट द्या बघू."

तिचाही थेंब शेजारी पडला. तिचा डाग जांभळासारखा गडद. भागूचा डाग म्हणजे कुंकू धुतलेलं पाणी. पट्टी लावायची गरजच नव्हती.

"एका घरात राहता, मग हे असं कसं? तुम्ही काय खाता?"

"भाकरी. नाचणीची."

"आणि ही?"

अनसूयेने सगळं सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला. डॉक्टर म्हणाले, पोटात जंतही असतील, त्याचं औषध देतो, लोहाचंही देतो. "पण रक्त वाढायचं तर ताटात काहीतरी हवं ना? शिकलेल्या दिसता तुम्ही." शेवटचं वाक्य त्यांनी सहजच म्हटलं असेल. अनसूयेला वर बघवेना.

नवऱ्याला तिने सांगितलं, "अशक्तपणा आहे." एवढंच. रात्री भागूच्या पानात भाकरी वाढली तर पोरगी हात मागे घेऊन म्हणाली, "काळी होईन ना गं मी?"

"होऊ दे. खा." अनसूया पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली.

आठवडाभराने पालीच्या चंद्राबाई आल्या. अनसूयेच्या हळदीकुंकवाला त्या येऊन गेल्या होत्या. पेढे पुढे करत म्हणाल्या, "तुमच्या त्या इलाजाचा गुण बघा! आमची अंबू कशी दुधावानी निघालीया. माघात लगीन हाय. आता तर मी तिला पडवीतबी येऊ देत न्हाई."

पेढा अनसूयेच्या हातातच राहिला. "चक्कर येते का हो तिला?"

"नाजूक झालीया जरा. पोरीच्या जातीला बरंच की त्ये."

चाळीस टक्के हे शब्द अनसूयेच्या ओठांवर आले. पण पाली आणि वेल्हं किती दूर? पुढच्या बाजाराला सगळ्या मावळात बोभाटा होईल की वकिलांच्या पोरीच्या अंगात रक्त नाही. मग भागूला कोण करून घेणार? ती चाचरत म्हणाली, "थोडी नाचणी देत जा अंबूला."

चंद्राबाईंचे डोळे बारीक झाले. "तुमच्या भागूचं फिसकटलं म्हून आमच्या अंबूनं काळं व्हावं, व्हय?"

चंद्राबाई गेल्या. त्यांना हाक मारायला अनसूया दारापर्यंत आली आणि दारातच उभी राहिली.

मागाहून तिने पालीला निरोप धाडले, ते कुणी मनावर घेतले नाहीत. तेव्हा बायांनो, तुमच्यातल्या कुणाचं पालीकडे जाणं झालं, तर चंद्राबाईंच्या घरी जरा टेका. अनसूयेनं पाठवलं म्हणून सांगा. भागूचे चाळीस टक्केही खुशाल सांगा, आता गावभर झालं तरी चालेल. फक्त अंबूला तेवढं प्यायला पाणी आणायला सांगा, आणि उठताना ती आधाराला भिंतीला हात लावते का, ते बघा.