सोजरबाईचा अर्ज

"साहेब आले हायेत. अर्जावर अंगठा कोनाचा हाय, इचारून राह्यले," वांग्याच्या वाफ्याशी उभा राहून कोतवाल म्हणाला.

सोजरबाईच्या हातातली टोपली कलली. "आनखी कोनाकोनाले बोलावलं?"

"अंगठा एकच हाय म्हने, बाई."

राज्यांच्या नव्या वाटणीत राजुरा मराठी मुलखात गेलं आणि वांकिडीकडची ही खेडी आंध्रात राहिली, तेव्हा गावातले गुरुजी बदली घेऊन तिकडे निघून गेले. चार महिने शाळेला कुलूप होतं. वांकिडीच्या बाजारात मंत्र्यांची सभा झाली, तेव्हा सोजरबाई तिथेच भाजी विकत बसली होती. मंत्री म्हणाले होते, सरकार तुमचं आहे, शाळेत मास्तर नसेल तर गप्प बसू नका, लिहून कळवा, ते तुमचं कर्तव्य आहे. तिची मुलगी राही तिसरीत होती. तिने दुकानदार माणिकरावांकडून अर्ज लिहून घेतला. बारा घरं अंगठा देतो म्हणाली. ऐनवेळी एकही आलं नाही.

घरी तिचा नवरा फकिरा उंबऱ्यात बसला होता. रझाकारांच्या वर्षी त्याने चावडीत एका कागदावर अंगठा दिला होता, त्यावरून त्याला पकडून नेलं आणि सात महिन्यांनी तो घरी परतला होता. त्या महिन्यांबद्दल तो कधीच बोलला नाही.

"जाऊ नको," तो म्हणाला.

"नाही गेले तं ते घरी येतीन."

चावडीच्या पायरीवर पाटील उद्धवरावांनी तिला हळूच गाठलं. "म्हन, कागदात काय लिवलं ते मले ठाऊक नोव्हतं. सुटशीन." आत माणिकराव खांबाला टेकून पायाकडे बघत होते.

शाळा तपासणीस साहेबांनी तिचा अर्ज पुढे धरला. "यह अंगूठा तुम्हारा है?"

"हो. माहाच."

"किसने सिखाया?"

माणिकरावांनी डोळे मिटून घेतले.

"मंत्रीसायबानं," सोजरबाई म्हणाली. "भर सभेत सांगतलं."

साहेबांनी उर्दूत काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "यहाँ अंगूठा लगाओ."

तिने हात पदराखाली घेतला. "पहिले वाचून दाखवा."

साहेबांनी वाचून दाखवलं. शाळा चार महिने बंद आहे, तिचं कुलूप मी, तपासणीस, स्वतः पाहिलं, अर्जदार बाईचा अंगठा खाली आहे. तिने अंगठा दिला. ठसा फिसकटला आणि पुन्हा घ्यावा लागला.

जीप गेली. त्यानंतर तिच्याशी कोणी धड बोलेना. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की फकिरा कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन बसे. सोजरबाई चुलीपाशी बसून आवाज दूर जाईपर्यंत दाराकडे कान लावी. तिसऱ्या आठवड्यात फकिराने बैलगाडी जुंपली आणि तो राहीला तिच्या मामाकडे राजुऱ्याला न्यायला निघाला.

"तिकडं मराठी शाळा हाय. आपलं कायी झालं तं पोरगी तरी वाचंल."

काही होणार नाही, असं सोजरबाईला छातीठोकपणे म्हणता येईना. तिने राहीच्या गाठोड्यात पाटी बांधून दिली.

त्यानंतर दहा दिवसांनी शाळेचं कुलूप निघालं. नवे मास्तर तरुण, तेलुगू बोलणारे होते आणि त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पोरं भिंतीला चिकटून बसली होती. बाजारात भाजी विकून सोजरबाईला तेलुगू थोडंफार समजत होतं, म्हणून पाटलांनीच तिला बोलावणं पाठवलं. ती दाराशी बसली.

मास्तर बोलत आणि ती पोरांना सांगे. जवळ या. नावं सांगा. घाबरू नका.

मध्येच मास्तरांनी हसून तिला विचारलं, यातलं तुमचं कोणतं?

"इक्कड लेदु," ती म्हणाली. इथं नाही.

मग पोरांकडे वळून तिने सांगितलं, "पाट्या काढा रे. मास्तर लिवायले सांगून राह्यले."