पूजेत बसलेली पेटी

आमच्या दवाखान्यात लहान मुलांची पेटी आली, त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते तिला कुलूप लावायचं. वस्तू नवी, कुलूप नवं, आणि भांडार माझ्या ताब्यात. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं दोन कुलपं लावली असती, एवढं मी माझ्या बाजूनं आजही सांगू शकतो.

साल चौऱ्याहत्तर. सोलापुरातला आमचा दवाखाना म्हणजे चाळीस खाटा, एक अँब्युलन्स आणि बरीचशी शिस्त. पेटीत होता तळहाताएवढा रबरी मास्क, श्वास द्यायचा संत्र्याएवढा फुगा, घशात बघायचं दिव्याचं छोटं पातं, बारीक नळ्या आणि एक लांब वाकडा चिमटा. मोठ्या माणसांचं हे सगळं सामान आमच्याकडे पहिल्यापासून होतं. मुलं आकारानं लहान असतात, हे मात्र दवाखान्याच्या लक्षात यायला बावीस वर्षं लागली. तेसुद्धा आपोआप आलं नाही. डॉक्टर दानम्मा हत्तुरे यांनी दोन वर्षं अर्ज करून ते लक्षात आणून दिलं.

बाई अक्कलकोटकडच्या. आवाज इतका मऊ की रागावल्या तरी चौकशी केल्यासारखं वाटे. म्हणून की काय, त्यांनी शाळेच्या कवायतीच्या मास्तरांसारखी एक शिट्टी घेतली होती. ती केव्हाही वाजे. वाजली की पेटी आणि एक प्लास्टिकची बाहुली तपासणीच्या खोलीत पोचली पाहिजे, असा नियम. बाहुली म्हणजे श्वास अडकलेलं मूल. पेटी अँब्युलन्समध्ये ठेवावी असं बाईंचं म्हणणं होतं, पण गाडीत धूळ फार. मी ती माझ्या कपाटात ठेवली.

पहिल्या शिट्टीला अकरा मिनिटं लागली. किल्ली माझ्या खिशात होती आणि मी चहाला गेलो होतो. दुसऱ्या खेपेला नऊ. मला ही प्रगती वाटली.

"भाऊसाहेब," बाई म्हणाल्या, "श्वास बंद पडलेलं मूल चार मिनिटं थांबतं."

"आणि मग?" मी विचारलं.

मी हे खरोखरच विचारलं.

आमचा ड्रायव्हर नागनाथ तर बाहुलीला हात जोडून विचारायचा, "काय बाई, आज बरं हाय का?" सगळे हसायचे. येसूबाईसुद्धा हसायची. येसूबाई दवाखान्यात झाडलोट करायची, फरशी पुसायची. कवायतीत तिचं नाव नव्हतं. एकदा ती आपणहून पेटी उचलायला गेली तेव्हा मीच तिला बजावलं होतं, "येसूबाई, पेटीला हात लावायचा नाही. तुझं काम फरशीचं." ती "बरं" म्हणाली आणि फरशी पुसत राहिली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात मागापासून न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत सगळी हत्यारं पूजेला बसतात आणि दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. दवाखान्यात आम्हाला एवढा व्यवहार कळत होता की रोज लागणाऱ्या वस्तू पूजेत मांडायच्या नाहीत. मुलांची पेटी अजून एकदाही लागली नव्हती. म्हणून ती मधोमध.

"पेटी नको हो," बाई म्हणाल्या.

"पहिल्याच वर्षी नवी वस्तू पूजेला बसवली नाही तर कसं दिसेल, बाई?"

"मग किल्ली तरी तिलाच बांधून ठेवा."

मी लाल नाड्यानं किल्ली पेटीच्या कडीला बांधली. मला तो माझा मोठा त्याग वाटला.

अकराला पूजा झाली. अँब्युलन्सला केळीचे खुंट बांधले होते, काचेवर झेंडूची एवढी जाड माळ की ड्रायव्हरला फक्त देव दिसावा. येसूबाई बौद्ध. ती पूजेला आली नाही, व्हरांडा पुसत होती. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. प्रसाद वाटायला मी बसलो. प्रसादाच्या बाबतीत माझा हात पहिल्यापासून सढळ. खोबऱ्याचे तुकडे केले, वर फुटाणे. बोटांना कुंकू लागलेलं, ते तुकड्यांनाही लागत होतं.

कुंभारीची सोजरबाई आली. तिची लेक आत बाळंत झालेली, आणि लेकीचा थोरला पोरगा सिदू, दीड वर्षाचा, हिच्या कडेवर.

"ह्यालाबी द्या की दादा. कवाधरनं बघतंय."

"घे बाबा," मी म्हणालो, आणि एक तुकडा त्याच्याच मुठीत दिला. सात-आठ दात दाखवून तो हसला.

पंधराएक मिनिटांनी शिट्टी वाजली.

"आयला!" नागनाथ फुटाणे चघळत म्हणाला. "बाई सणालाबी सोडत न्हाईत."

"पूजा हलवायची नाही," मी म्हणालो. "बाहुली घेऊन जाऊ. वेळच मोजायची ना? मोजू दे."

मी ताट आवरलं. हात धुतले. बाहुली बगलेत घेतली. नागनाथनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, कारण तिचाही सण. शिट्टी पुन्हा वाजली, लांब. "आलो, आलो," म्हणत आम्ही व्हरांड्यातून निघालो. वाटेत फरशी ओली होती, म्हणून मी जपून चाललो. फडकं आणि बादली मधेच टाकून येसूबाई कुठं गेली, असंही माझ्या मनात आलं.

दारात पोचलो आणि टेबलावर मूल होतं.

त्याला उलटं धरून बाईंनी पाठीत थापा मारल्या होत्या. आता त्या त्याच्या तोंडात बघत होत्या आणि हातात मोठ्या माणसाचं पातं होतं. ते त्या तोंडात जात नव्हतं. ओठांचा रंग जांभळा. दीड वर्षाचं मूल टेबलावर आहे आणि खोलीत आवाज नाही, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"पेटी!" बाई म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी हात मागे केला.

मी त्या हातात बाहुली दिली.

हे मी कुणाचं ऐकून लिहीत नाही. मीच दिली. बाईंची बोटं बाहुलीच्या पोटाभोवती मिटली, त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि ती खाली पडू दिली. नागनाथचे दोन्ही हात आपसूक डोक्यावर गेले होते.

भिंतीशी येसूबाई उभी होती. पोर व्हरांड्यात कोसळलं तेव्हा तिनंच त्याला उचलून इथं आणलं होतं, आणि पेटीला हात लावायचा नाही म्हणून ती आमची वाट बघत थांबली होती. तिनं बाहुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती पळाली.

समई पडल्याचा आवाज आला. तांब्या गडगडला. मग पावलं.

"सरका की भाऊसाहेब! वाटंत काय हुबं ऱ्हायलाय?"

पेटी तिच्या कमरेवर, झाकणावरून अक्षता सांडताहेत, झेंडूचं एक फूल कडीत अडकलेलं. नाड्याला मी सात गाठी मारल्या होत्या. तिनं तो दातानं तोडला, कुलूप काढलं.

छोटं पातं आत गेलं. दिवा लागला. चिमटा गेला, रिकामा आला, पुन्हा गेला. बाईंनी काहीतरी पांढऱ्या कापसावर ठेवलं, मास्क त्या चेहऱ्यावर बसवला आणि फुगा दाबला. एकदा. दोनदा. मी मोजत होतो, पण सातनंतर मला आकडा आठवेना.

सिदू खोकला. मग असा रडला की वॉर्डातली सगळी तान्ही उठली.

दाराबाहेर पदर तोंडात कोंबून बसलेली सोजरबाई आत आली. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"शिट्टीपासून तीन मिनिटं पन्नास," त्या नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "त्यातले चाळीस सेकंद येसूबाईचे."

उरलेला वेळ कोणाचा, ते मला कळत होतं.

"आजी, काय खाल्लं होतं यानं?"

"काय न्हाई ओ बाई. देवाचा परसाद तेवढा. ह्या दादांनी दिल्ता."

कापसावर चिंचोक्याएवढा खोबऱ्याचा तुकडा होता. एका कडेला कुंकू. माझ्या बोटाचं.

छातीचा फोटो काढायला पोराला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. नागनाथनं काचेवरची माळ दोन्ही हातांनी ओरबाडली, केळीचे खुंट उपटले, आणि मला न विचारता पेटी गाडीत आपल्या सीटमागे ठेवली. कुलूप माझ्या हातात दिलं. बाईंच्या मागोमाग गाडीत चढताना सोजरबाई वळली आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाली, "परसाद पोटात व्हता म्हनून वाचलं माजं लेकरू."

"मावशी, तो पोटात नव्हता," मी म्हणालो. "घशात होता. मी दिलेलाच."

"व्हय की, तुमीच दिल्ता. देव तुमचं भलं करंल." मग जरा ओशाळून ती म्हणाली, "आनिक एक तुकडा द्या की दादा. लेकीलाबी हुईल."

गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरातून खवणी मागून आणली. व्हरांड्यात बसून पूजेतले सगळे नारळ फोडले आणि खवायला घेतले. येसूबाईनं सांडलेल्या तेलावर राख टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊसाहेब, बोटं कापतील. जरा दमानं."

"कापू दे."

"आन् पेटी शिवलेली चालती का आता मला?"

मी खवणीवर पुढची वाटी घेतली. मग म्हणालो, "तुझ्याशिवाय कोणी शिवायची नाही."

"आसं नगं. समद्यांनी शिवायची."

ती बादली घेऊन गेली. चारच्या सुमारास गाडी परत आली, तेव्हा परातीत खोबऱ्याचा डोंगर झाला होता. पोर बरं आहे, फुटाण्यासाठी रडतंय, असं नागनाथ लांबूनच ओरडला. बाई उतरल्या, माझ्याकडे न बघता आत गेल्या.

आणि शिट्टी वाजली.

परात उलटली. एक चप्पल खांबापाशी राहिली. माझ्या पुढे येसूबाई होती, गाडीतून पेटी ओढून ती धावत होती, मागे नागनाथ. ओल्या फरशीवरून मी कसा गेलो ते माहीत नाही.

टेबलावर बाहुली होती. कपाळावर तेच कुंकू.

बाई घड्याळ बघत होत्या. मी वेळ विचारली नाही. आधी बाहुलीच्या तोंडात बोट घालून बघितलं.