सरांच्या फटफटीची पुंगळी

सर निवृत्त झाले आणि त्यांनी घराचीच शाळा केली. स्वयंपाकघराच्या दारामागे वेळापत्रक लागलं. दुपारी दोन ते पाच, ‘काम’. थोरली सून घरी शिलाई करायची, धाकटी पुस्तकांची मुद्रितं तपासायची, तेव्हा त्या दोघींचं ठीक होतं. पण सासूबाईंच्या नावापुढेही त्यांनी ‘वाचन’ असं लिहून टाकलं होतं.

सर दोन वाजता मोटरसायकलवरून वाचनालयात जात आणि पाचच्या आत केव्हाही परत येत. त्या ‘केव्हाही’तच सगळी गोम होती. कारण दोनला सर गेले की सव्वादोनला सासूबाई पत्ते पिसायला घेत आणि तिघींची रमी सुरू होई. सरांनी बावीस वर्षं फटफटी अशी निगुतीने राखली होती की ती फाटकातून आत आली तरी तिच्यापेक्षा घरातला पंखा जास्त वाजे. एका महिन्यात सर तीनदा अचानक दारात उभे राहिले. तिसऱ्या वेळी सासूबाई घाईघाईने पत्त्यांवर बसल्या. सर समोरच्या खुर्चीत बसून दीड तास वर्तमानपत्र वाचत राहिले आणि सासूबाईंना जागचं हलता येईना.

“हा माणूस न वाजता येतो,” सर फिरायला गेल्यावर कंबर चोळत त्या म्हणाल्या. “काहीतरी करा गं पोरींनो.”

“गाडी सर्व्हिसिंगला मीच नेते की,” धाकटी म्हणाली.

चौकापलीकडच्या गॅरेजचा मालक सरांचा जुना विद्यार्थी. वर्गात बाक वाजवायचा म्हणून सरांनी त्याचं नाव ढोलक्या ठेवलं होतं आणि जवळजवळ वर्षभर त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. आता त्याचं पोट सुटलं होतं, नाव मात्र तेच राहिलं होतं. धाकटीचं म्हणणं ऐकून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“सरांच्या गाडीचा आवाज वाढवायचा? सरांना न सांगता?”

“थोडाच. कोपऱ्यावरून घरात ऐकू आला म्हणजे झालं.”

“वहिनी, थोडाबिडा आवाज मला जमत नाही. सरांनाच विचारा.”

त्याने सायलेन्सरच्या टोकाचा स्क्रू काढला, पकडीने आतली नळी धरली आणि हिसडा देऊन बाहेर ओढली. हातभर लांब, भोकाभोकांची, काजळीने काळी ठिक्कर पडलेली. “ही पुंगळी. आवाज गिळायचं काम हिचं.” मग त्याने किक मारली. फळीवरचे ऑइलचे डबे थरथरले. ढोलक्याने सुखाने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिघी पडद्याआड उभ्या राहिल्या. सरांनी गाडी सुरू केली आणि थबकले. सायलेन्सरकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं. मग हेल्मेट घालून निघून गेले. चारच्या सुमाराला लांबून धडधड ऐकू आली. हातातला डाव पुरा झाला, पत्ते डब्यात गेले, सासूबाईंनी पुस्तक उघडून चष्मासुद्धा पुसला, तेव्हा कुठे सर आत आले.

“गाडी बरी आहे ना?” थोरलीने न राहवून विचारलं.

“गाडीला काय झालंय?” सर म्हणाले.

कान गेले यांचे, असं तिघींनी ठरवून टाकलं. सासूबाईंना दोन दिवस वाईट वाटलं. डाव मात्र थांबला नाही.

पंधरा दिवसांनी भर डावात गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले दाताचे डॉक्टर दारात आले. “तुमचे सर माझ्या खिडकीखालून रोज दोन दोन चकरा मारतात,” ते म्हणाले. “गिअरही तिथेच बदलतात. पेशंट खुर्चीत उडतो हो. काल एकाने माझं बोट चावलं.” बोटाला खरंच पट्टी होती.

“दोन चकरा? कशाला?” सासूबाई चक्रावल्या.

“आज एकच मारली,” मागून आवाज आला. डॉक्टरांना घराकडे वळताना पाहून सर उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत घेऊन आले होते. ते टेबलावरच्या पत्त्यांकडे बघत होते. “पुंगळी कुणी काढली?”

सुनांनी माना खाली घातल्या. सासूबाई मात्र सावरून बसल्या. “मी काढायला लावली. सदतीस वर्षं दचकतेय मी. आणि तुम्हाला कळलं होतं, तर बोलला का नाहीत?”

सर चक्क लाजले. “पहिल्याच दिवशी बोलणार होतो. पण वाचनालयापाशी एका कॉलेजच्या पोराने मला अंगठा दाखवला. आधी रागच आला. मग कळलं, हल्ली त्याचा अर्थ शाबास असा होतो.”

डॉक्टरांना शब्द दिल्याप्रमाणे पुंगळी परत बसली. पण सरांचं मन गाडीवरून उडालं. ते तीनलाच घरी येऊन बसू लागले, आणि डावही बसला. चौघं एकमेकांवर उगाच खेकसत. शेवटी आठवड्याने सर स्वतःच गॅरेजमध्ये गेले. त्यांना बघताच ढोलक्या सवयीने उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

“आत ये,” सर म्हणाले. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, “ती पुंगळी. सगळी नको. थोडी.”

“किती थोडी, सर?”

“डॉक्टरांचा पेशंट उडता कामा नये. घरचे सावध झाले पाहिजेत.” त्यांनी पुंगळीवर खडूने रेघ मारून दिली. ढोलक्याने रेघेबरहुकूम कापली, एक सूतही इकडे तिकडे न होता.

चार वाजता कोपऱ्यावरून भारदस्त, समजूतदार धडधड आली. थोरली डबा घेऊन उठली. “राहू दे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चौघांचे पत्ते वाटले.

सर आले, खुर्ची ओढून बसले, पत्ते उचलले. त्यांना रमी येतच नव्हती, हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या डावात ते सपाटून हरले, आणि पत्ते नीट पिसले नव्हते म्हणाले.