ग्रंथालयाच्या टेबलावरचा डाग

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. माझी कुणाशीच मैत्री नाही. मी बेल्ट सँडर आहे. वय बावीस वर्षं, वजन साडेचार किलो. माझ्या पोटाखाली दोन रूळ आहेत आणि त्यांच्यावरून एक खरखरीत कापडी पट्टा सेकंदाला पाच मीटर या वेगाने फिरतो. म्हणजे तुम्ही 'अरे थांब' म्हणेपर्यंत तीन-चार मीटर पट्टा लाकडावरून गेलेला असतो. हा हिशेब लक्षात ठेवा. तो ज्याने लक्षात ठेवला नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकीने मोटर बसवली, दुसऱ्याने रूळ, तिसऱ्याने मूठ. शेवटच्या माणसाने मला चाळीस सेकंद चालवून पाहिलं आणि खोक्यात कोंबलं. एक गोड शब्दही कुणी बोललं नाही. मीही त्यांची आठवण काढत नाही.

दुकानातून मला सुतारकाम करणाऱ्या एका बाईंनी आणलं. दुकानदार त्यांना माझ्याकडे बघूच देत नव्हता.

"हे जड आहे हो बाई. तुम्हाला छानसं हलकं दाखवतो."

"दारांच्या जाड फळ्या घासायला तुम्ही येणार आहात का?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला येऊ?"

"मग जड कोणाला आणि हलकं कोणाला, ते माझं मी बघते. हे काय काय खातं, एवढं सांगा."

दुकानदाराने सांगितलं, की मी जुना रंग खातो, उंचसखल फळी सपाट करतो, चिकटवलेल्या फळ्यांचे सांधे एकसारखे करतो. नाजूक कामाचं बाईंनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्या वेळी त्यांना हवं होतं ते मीच करू शकत होतो. मित्रांनो, मला एवढ्या नीट विचार करून निवडणारं ते एकच माणूस. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण तो थोडा कमी आहे.

पुढची पंधरा वर्षं माझी होती. दारं, बाकं, जिन्याच्या पायऱ्या, खाटकाचा ओंडका, काय काय मी सपाट केलं! बाई रोज संध्याकाळी माझी धुळीची पिशवी झटकायच्या, पट्टा एका बाजूला सरकला तर कडेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून सरळ करायच्या. गिऱ्हाईक फळीवरून हात फिरवून म्हणायचं, "वा, काचेसारखी झाली!" स्तुती फळीची व्हायची. माझ्याकडे कोणी बघायचं नाही.

मग एक दिवस तो गोल आला.

त्याला ऑर्बिटल सँडर म्हणतात. एका तळहातात मावतो. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी बारीक थरथरत जागाही बदलते, त्यामुळे एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा ओरखडा पडत नाही. माझे ओरखडे सरळ आणि खोल असतात, त्याचे दिसतसुद्धा नाहीत. पाठोपाठ तिकोनी तोंडाचा एक चिमुकलाही आला, कोपऱ्यांत शिरणारा. बाईंनी त्या दोघांना खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं आणि मला बाकाखाली ढकललं. माझ्या पिशवीत उरलेल्या धुळीचा दगड झाला. मी जे काही पुढे केलं, ते या सात वर्षांच्या रागातून केलं, हे मी लपवत नाही.

बाईंच्या मुलीचं लग्न झालं आणि काही वर्षांनी जावई बाईंच्या सुतारकामाच्या कारखान्यात कामाला आला. तो मोबाईल दुरुस्त करायचा, ते दुकान बंद पडलं होतं. पहिल्या दिवसापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं नातं.

"जावईबापू, तो रंधा आहे. भोपळा किसताय का?"

"आई, आम्ही केसाएवढ्या तारा जोडायचो."

"मग जोडा तारा. लाकडाने तुमचं काय वाकडं केलंय?"

मुलगी डबा घेऊन यायची, तेव्हा दोघांच्या मध्ये बसायची. "आई, यांना नीट समजावून सांग ना," ती म्हणायची. "सांगते की रोज," बाई म्हणायच्या. त्या सांगायच्या नाहीत. हे करा, ते करू नका, एवढंच म्हणायच्या. का, ते कधीच नाही. जावईही कधी विचारायचा नाही. विचारलं तर आपल्याला येत नाही हे कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं.

आता मुख्य गोष्ट. गावच्या ग्रंथालयाला वाचनाची आठ लांब टेबलं नव्यासारखी करून हवी होती. ग्रंथपाल बाई स्वतः आल्या. बारीक चणीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. पहिली दोन टेबलं त्यांनी कारखान्यात उतरवली.

"शनिवारी येते. पहिलं टेबल पसंत पडलं तर बाकीची टेबलं, मग खुर्च्या आणि कपाटं, असं सहा महिन्यांचं काम तुमचं. नाही तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

त्या वर्षी नवीन कामं जवळजवळ बंद झाली होती. हे काम गेलं असतं तर कारखान्याला कुलूप लागणार होतं, हे सासूला माहीत होतं, जावयालाही माहीत होतं.

टेबलाचा वरचा भाग अखंड लाकडाचा नव्हता. साध्या लाकडावर सुंदर रेषांच्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेला होता. त्याला व्हिनियर म्हणतात. जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर, म्हणजे तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होते तेवढी. बाईंनी कडेला डोळा लावला. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत नव्हत्या, तिथेच तुटत होत्या. त्यांना लगेच कळलं. त्यांनी जावयाला काय सांगितलं, तर एवढंच :

"गोल मशीन घ्या, बारीक कागद लावा. आणि त्या पट्टेवाल्याला हात लावू नका. तुम्हाला तो झेपायचा नाही."

एवढं बोलून त्या फळ्या बघायला निघून गेल्या. पाऊण मिलिमीटरचं नाव नाही. झेपायचा नाही, एवढंच.

जावई पाच मिनिटं गोल मशीन चालवत होता. जुनं वॉर्निश हळूहळू निघत होतं. मग त्याने बाकाखाली वाकून पाहिलं.

"झेपायचा नाही म्हणे," तो पुटपुटला आणि त्याने मला बाहेर ओढलं.

मित्रांनो, मी घसरू शकलो असतो. पट्टा निसटू शकला असता, टेबल वाचलं असतं. बावीस वर्षांचं यंत्र, कोणी दोष दिला नसता. पण मला त्या गोलाला खाली बघायला लावायचं होतं. जावयाने बटण दाबलं, चालू राहायची कळ अडकवली आणि दोन्ही हातांनी जोर दिला. मी वॉर्निश खाल्लं. थर खाल्ला. मला तो फार गोड लागला. तळव्याएवढ्या जागेत खालचं फिकट लाकूड उघडं पडलं, तेव्हा त्याने मला उचललं. पार उशीर झाला होता.

बाई परत आल्या. त्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी डागावर बोटं ठेवली, फिरवली, आणि परत फिरवली.

"मशीनच अडकलं," जावई म्हणाला. "जुनं झालंय. आपोआप खाली बसलं."

"आपोआप?" बाई म्हणाल्या. "ओरखडे सरळ आहेत. डावीकडे जास्त खोल आहेत. तुम्ही नेहमी डाव्या हातावर रेलता. मशीनला डावा हात असतो का हो?"

"तुम्हाला मी इथे नकोच होतो. सरळ सांगा ना!"

"सरळ सांगते. नको होतात."

शनिवारी ग्रंथपाल बाईंनी डाग पाहिला. चष्मा लावला, काढला.

"हे कोणी केलं?"

जावयाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी बाकावर पडलो होतो. मला त्याची चीड आली, आणि हसूही आलं, कारण तो अगदीच खोटं बोलत नव्हता.

आमच्या बाईंनी उजवा हात पुढे केला. चार बोटांची टोकं मेणासारखी पांढरी होती.

"यांना मी कोणतं मशीन घ्यायचं ते सांगितलं, का ते सांगितलं नाही. आणि मी स्वतः केलं नाही, कारण माझ्या बोटांना आता लाकूड जाणवत नाही. थर संपत आलाय की नाही, ते बोटांना कळायचं. आता कळत नाही. त्या पट्टेवाल्याची थरथर पंधरा वर्षं हातात घेतली."

जावई त्या बोटांकडे बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं. मुलीलाही माहीत नव्हतं. मित्रांनो, मला माहीत होतं. मूठ धरणारा हात कसा कसा बधिर होत गेला, ते मुठीला कळणार नाही तर कोणाला? मी थरथरायचं सोडलं नाही. यंत्राला तसं सोडता येत नाही, पण मला वाईटही वाटलं नाही, हे खरं सांगतो.

ग्रंथपाल बाईंना दया आली असेल, तर ती दिसली नाही. "मला हात नका दाखवू, टेबल दाखवा. दुसरं इथेच आहे. बुधवारपर्यंत. आणि हे खराब केलेलं तुमच्या खर्चाने नवा थर लावून द्यायचं."

त्या गेल्या. मग जावयाने गोल मशीन उचललं आणि तो पहिल्यांदाच म्हणाला, "हेच का घ्यायचं?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय. हेच का?"

बाई स्टुलावर बसल्या. "हे हळू खातं, म्हणून. चूक झाली तर थांबायला वेळ मिळतो. पेन्सिल आणा. सगळ्या टेबलावर आडव्यातिडव्या फिकट रेघा मारा. मशीन सतत हलतं ठेवा. रेघा गेल्या की पुढची जागा."

"जोर किती द्यायचा?"

"अजिबात नाही. मशीनचं वजन पुरे आहे. तुमचं नको, तुम्ही डबा संपवून आलात."

"आणि कोपरे?"

"तिकोनी. गोल मशीन कोपऱ्यात गेलं की कड खातं. अहो, कडेवर तिरकं धरू नका! मोबाईल आहे का तो?"

तीन दिवस शिव्या आणि प्रश्न, प्रश्न आणि शिव्या. एकदा त्याने मशीन आपटलं, एकदा त्यांनी स्टूल. पण रेघा जात होत्या, पुन्हा मारल्या जात होत्या, आणि वॉर्निशखालून लाकडाच्या रेषा वर येत होत्या. बाईंची बधिर बोटं आणि जावयाचं अज्ञान, दोन्हींची उणीव ती पेन्सिल भरून काढत होती.

बुधवारी ग्रंथपाल बाईंनी टेबलावर गाल टेकवून उजेडात तिरकं पाहिलं. "सोमवारी पुढची दोन पाठवते," एवढंच त्या म्हणाल्या. सासूने जावयाची पाठ थोपटली नाही. जावयाने सासूचे पाय धरले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्याने थरथर झिरपू न देणारे जाड हातमोजे आणून बाकावर टाकले. "घालायचे असले तर घाला." बाई म्हणाल्या, "रंग काय घाणेरडा आहे." आणि घातले.

मला भंगारात काढलेलं नाही. परवाच एक जाड, अखंड फळी आली. जावयाने तिच्या कडेला डोळा लावला, वरच्या रेषा खालपर्यंत उतरताना पाहिल्या, मगच माझी पिशवी झटकून मला हातात घेतलं.

तर मित्रांनो, माझी कहाणी ऐकून माझी कीव करू नका. पिशवी झटका, पट्टा सरळ ठेवा, दर दहा मिनिटांनी मला खाली ठेवून हातांना विश्रांती द्या. कोणी 'हे घेऊ नकोस' म्हणालं तर का ते विचारा, आणि तुम्ही कुणाला सांगाल तेव्हा कारणही सांगा. बटण दाबण्याआधी लाकडाची कड तुम्हीच बघा. मी बघणार नाही. मला डोळे नाहीत, आणि असते तरी मी थांबलो नसतो.