माँटेव्हिडिओला गेलेलं रक्त

नेलिदाताई रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारानं यायची. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' नावाच्या कडू पानांच्या चहाचा तुंबा. आधी माझी कपाटं उघडायची, डबे हुंगायची. मग बसून पहिला कडू घोट स्वतः घ्यायची, तुंबा पुन्हा भरून त्याच नळीसकट मला द्यायची.

"बोल ओलिंदो, कुठं लपवलीयस आटवलेल्या दुधाची बरणी?"

"मी खात नाही गं, ताई."

"मग साखर काय खिडकीतून येते?"

गोळ्या नेमानं घेऊनही रक्तातली साखर चढत होती आणि पँट कमरेवरून घसरत होती. ग्रंथालयातून निवृत्त झालेला एकटा माणूस चोरून गोड खातो, हे सालतो शहरातल्या आमच्या गल्लीला पटलं होतं. कधीकधी मलाही वाटे, झोपेत खात असेन. ताईनं एकदा माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढंच मला हवं होतं.

दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टर बेंतांकोर मला बघून म्हणाल्या, "इतक्या वाळलेल्या माणसाला गोळ्या लागू पडत नाहीत, म्हणजे हे दुसरंच काहीतरी आहे." त्यांनी माझं रक्त माँटेव्हिडिओला पाठवलं.

"त्यांना विचार," ताई म्हणाली, "खोटेपणाचीही तपासणी करतात का. एकाच बाटलीत उरकेल."

निकालाच्या दिवशी मी ताईला सोबत नेलं. डॉक्टरांनी तिलाच समजावलं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना याचं शरीर शत्रू समजतंय, हळूहळू मारतंय. रक्तात तशी प्रतिपिंडं सापडली आहेत. यात याचा दोष नाही. आता इन्सुलिन टोचून घ्यावं लागेल.

परतताना ताई कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "भांडायलासुद्धा तुला बाहेरचं कुणी मिळालं नाही का रे?" मग माझा हात दाबला. "चुकलंच माझं. आता नाही छळणार."

ताई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. मी पोटाला सुई टोचून घेतो. साखर उतरली, पँट बसू लागली. ताई फोन करते, "बरा आहेस ना?" मी बरा आहे म्हणतो, की ठेवून देते.

काल बेकरीत शिरलो. का, ते नीट सांगता येणार नाही. गल्ल्यावरची बाई ताईची मैत्रीण. चॉकलेटचा मुलामा दिलेली, आत आटवलेलं दूध भरलेली आल्फाहोर बिस्किटं मी मागितली.

"पाहुणे येणार वाटतं?"

"छे," मी म्हणालो, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, "माझ्यासाठीच."