अंबडच्या राघूचे दुखरे पाय

मी एक म्हातारा राघू आहे, मित्रांनो, आणि माझे पाय दुखतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढीशी गोष्ट माणसांच्या ध्यानात यायला दोन हिवाळे लागले. तोवर त्यांनी माझ्या दुखण्याचं इतकं कौतुक केलं की मलाही आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटू लागलं होतं.

माझा जन्म अंतरवाली सराटीच्या शिवारात, एका वठलेल्या आंब्याच्या ढोलीत झाला. वावटळीत ते झाड पडलं तेव्हा माझ्या अंगावर धड पिसंही नव्हती. तिथल्या एका शेतकऱ्याने, कडूबाने, मला पागोट्यात घालून घरी नेलं आणि त्याच्या बायकोने, जयवंताबाईने, भिजवलेली डाळ वाटून बोटाने भरवली. पुढे दोघं अंबडला आले. निजाम सरकारच्या अदालतीसमोर त्यांनी चहाचं हॉटेल टाकलं आणि माझा पिंजरा दारात उंच टांगला. पिंजरा लोहाराकडून खास घडवून घेतलेला होता. बसायला आत लोखंडी गज, सरळ, गुळगुळीत, चकचकीत. कडूबाला त्या गजाचा भारी अभिमान होता. त्यावर बसायचं मात्र मला होतं.

कडूबाने मला सलाम शिकवला. त्याने हाक दिली की मी उजवा पाय उचलून चोचीपर्यंत नेई आणि शेंगदाणा मिळवी. एकदा एका माणसाला मी सलाम केला आणि नेमका त्याच दिवशी तो खटला जिंकला. झालं! ज्याची अदालतीत पेशी असेल तो वकिलाला गाठण्याआधी मला गाठू लागला. राघूने सलाम केला की निकाल आपल्या बाजूने, असं सगळ्या तालुक्यात ठरून गेलं. प्रत्येक जण शेंगदाणे देई. मी खाऊन खाऊन गोल झालो, आणि ते सगळं वजन त्या गजावर पेलत वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात सकाळी उजवा पाय गजावर टेकेना. बोटं मिटत नव्हती, आणि मिटली तर उघडत नव्हती. तळव्याला लाल घट्टा पडला होता. मी पाय वर धरला, एवढंच. समोर बसलेल्या माणसाने बशी खाली ठेवून हात जोडले.

"न मागता सलाम केला की हो यानं!"

"लई समजदार झालाय आता," कडूबा म्हणाला.

त्यानंतर मी सगळ्यांनाच सलाम केला. मुन्सफाच्या शिपायाला केला, दूधवाल्याला केला, शेळीला केला, रिकाम्या बाकड्यालाही केला. वर चढताना चोचीने गज धरून अंग ओढावं लागे, तर लोक म्हणत, बघा कसा गजाचे मुके घेतो. एकदा तोल जाऊन तळाशी पडलो, तर म्हणाले, लोटांगण घातलं. कोणी हात लावला की मात्र मी कडकडून चावत असे. तेवढा एकच अवगुण त्यांना माझ्यात दिसला.

पुढच्या हिवाळ्यात रायभान आणि त्रिंबक आले. एका म्हशीवरून दोघांचा खटला चालला होता. मी दोघांनाही सलाम केला. मला दुसरा इलाज नव्हता. त्रिंबक मवाळ माणूस. तो म्हणाला, "भाऊ, म्हैस तुला राहू दे, तिची वगार मला दे. मिटवून टाकू."

रायभानने माझ्याकडे पाहिलं. पाय वरच होता. "आता कशाचं मिटवायचं? राघूनं सलाम केलाय मला!"

निकाल लागला. म्हैस त्रिंबकची, वगारही त्रिंबकची. रायभान तरातरा हॉटेलात आला. तोवर माझा डावा पायही ठणकू लागला होता, म्हणून मी उजवा टेकून डावा उचलला होता.

"डावा पाय! डाव्या पायानं सलाम करून राह्यलाय! अपशकुनी हाय हा, बिलकुल अपशकुनी!"

त्या आठवड्यातच बाकडी ओस पडली. पेशीवाले पलीकडच्या हॉटेलात जाऊ लागले. कडूबा गल्ल्याशेजारी डोकं धरून बसला आणि शेवटी म्हणाला, "जयवंते, उद्या याला लिंबावर सोडून देतो. पाखराला मोकळं केलं तर पुण्यच लागतं."

मित्रांनो, फांदीवर बसायचं तर बोटं मिटावी लागतात. माझी मिटत नव्हती. आणि त्या कडुलिंबाखाली एक बोका रोज वर पाहत बसलेला असे. कडूबाला पुण्य लागलं असतं आणि बोक्याला न्याहारी. मला फार भीती वाटली.

सकाळी कडूबाने पिंजरा लिंबाखाली ठेवला आणि दार उघडलं. मी कसाबसा दारापर्यंत आलो. डावा पाय उचलला, उजवा टेकवला. उजवा उचलला, डावा टेकवला. तेवढ्यात जयवंताबाई गुडघ्यावर हात देत बाहेर आली आणि जागीच थांबली.

"अवं, थांबा जरा."

ती कण्हत खाली बसली आणि तिने तळहात पुढे केला. तळहात रुंद होता, ऊबदार होता, त्याला धरून ठेवावं लागत नव्हतं. मी त्यावर चढलो आणि चावलो नाही. तिने माझा पाय हळूच उलटा करून पाहिला.

"सलाम कसला घेऊन बसलात! सांधे धरलेत याचे. सकाळी उठल्यावर मी अशीच करते का न्हाई? एक पाय टेकवत न्हाई, दुसरा उचलवत न्हाई. मंग माझा शकुन घेता का तुम्ही?"

"म्हंजी इतके दिवस हा..."

"दुखतंय म्हणून सांगत व्हता. आन् आपण शेंगदाणे चारून राह्यलो."

कडूबाने तो लाल तळवा पाहिला आणि त्याचे डोळे भरले. पिंजरा घेऊन तो आत गेला. लोखंडी गज त्याने स्वतः उपसून काढला.

गजाच्या जागी लिंबाची वाकडी फांदी आली. ती कुठे जाड, कुठे बारीक, म्हणजे पाय रोज एकाच ठिकाणी दाबला जायला नको. तिच्यावर जुन्या लुगड्याची मऊ पट्टी गुंडाळली, आणि टेकायला एक सपाट फळी बसवली. पिंजरा खाली ओट्यावर आला. दाणापाणी पायाशी आलं. शेंगदाणे सणापुरते राहिले, रोज कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला मिळू लागला, तेव्हा अंगही हलकं झालं. थंडीत ऊन येईपर्यंत पिंजऱ्यावर पोतं असे. जयवंताबाई आपल्या गुडघ्याचं तेल मला चोळायला निघाली होती, पण ढोरांच्या डॉक्टरने अडवलं. म्हणाला, पिसं चिकटतील, आणि माणसाचं औषध पाखराला घालू नका. माझे पाय बरे झाले नाहीत, मित्रांनो. म्हातारपण कुठे जाणार? पण ठणका कमी झाला आणि झोप येऊ लागली.

गिऱ्हाइकंही हळूहळू परतली. कोणी सलाम मागितला तर जयवंताबाई म्हणे, "च्या पाहिजे तर बसा. शकुन पाहिजे तर वकील हाय समोर."

आता कडूबा रोज सकाळी आधी माझं पोतं उचलून पाय पाहतो. परवा तो आनंदाने ओरडला, "जयवंते, आज दोन्ही टेकलेत बराबर!"

जयवंताबाई उंबऱ्यावर गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, "माझे बी पाहा की कधी."

कडूबा लगेच आत गेला. घोंगडी आणून त्याने तिच्या गुडघ्यांवर घातली, आणि त्या दिवशी भट्टी त्यानेच पेटवली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमचा म्हातारा राघू पाय उचलून बसला, चढताना अडखळला, उगाच चावू लागला, तर त्याचं कौतुक करू नका आणि रागावूही नका. आधी त्याचा तळवा पाहा. आणि पाहून झालं की घरात आणखी कोणाचे पाय दुखतात, तेही एकदा विचारा.