जोडीचा शब्द

"मी हा असा अंथरुणात. तूही मत द्यायचं नाहीस. दे शब्द," फिनिअस गॉल्ट खोकत म्हणाला. लायसँडर यार्नेलने हातात हात दिला.

आजारी सभासदासाठी विरोधकाने असे गप्प बसायचे, याला इंडियानाच्या विधानसभेत जोडी म्हणत. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. हॅडन गावातून जिल्ह्याचे कोर्ट हलवण्याचा ठराव वकील यार्नेलचाच होता, आणि हॅडनचा सभासद म्हणजे गॉल्ट. गॉल्टने हॅडनच्या नदीवर पुलाचा परवाना मिळवला तेव्हा यार्नेलच्या नावाडी बापाची होडी काठावर कुजली आणि बाप दारूपायी गेला. पोराने कायद्याची पुस्तके उघडली ती उट्टे काढायलाच.

मतदान बरोबरीत अडले. यादीत यार्नेलचे नाव शेवटचे. तो उठला आणि खणखणीत आवाजात 'हो' म्हणाला.

हॅडनचे कोर्ट गेले. पाठोपाठ खाणावळी गेल्या, दुकाने गेली, पुलावर गवत उगवले. यार्नेल मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला जाई, आणि त्याचे काळीज थंड होई.

पुढच्या अधिवेशनात बरा झालेल्या गॉल्टने कोर्ट परत आणण्याचा ठराव मांडला. मतदानाच्या आदल्या दिवशी यार्नेलला घरून निरोप आला. बायकोचा, डॉर्कसचा, ताप उतरत नव्हता. तो विरोधकांच्या बाकाबाकावर जोडी मागत फिरला. सगळ्यांनी आस्थेने चौकशी केली, शब्द कुणीच दिला नाही. तो गेला की गॉल्ट एका मताने जिंकणार होता.

गॉल्टच काठी टेकत आला. "जा घरी. मी मत देणार नाही."

"माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे, गॉल्टसाहेब."

"तुझा मागितलाय कुणी? माझा पुरे. नीघ, ती वाट बघत असेल."

देवाचे नाव न घेणारा यार्नेल घोडागाडीत वाटभर एकच मागणे मागत राहिला. म्हाताऱ्याने शब्द मोडावा. एकदाच मोडावा, म्हणजे फिट्टंफाट होईल.

दुसऱ्या संध्याकाळी बातमी आली. मते बरोबरीत पडल्याने ठराव बारगळला होता. नाव पुकारले तेव्हा गॉल्ट हॅडनच्या लोकांदेखत हाताची घडी घालून बसून राहिला होता.

"जिंकलात ना?" डॉर्कसने क्षीण आवाजात विचारले.

यार्नेल तिच्या कपाळावरची पट्टी पिळत राहिला. पट्टीतले पाणी केव्हाच संपले होते.